फोनवरचा वसुलीवाला

दुपारी दोनचा सुमार. संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत साठीच्या बाई घरी एकट्या आहेत. फोन वाजतो. पलीकडचा माणूस त्यांच्या मुलाचं पूर्ण नाव घेतो, तो मुंबईला कामाला असतो हेही त्याला ठाऊक असतं. "मॅडम, मुलाचं साडेअठरा हजारांचं लोन थकलंय. तो फोन उचलत नाही. पाच वाजेपर्यंत भरलं नाही तर रत्नागिरीहून पोलीस निघतील. गावात सगळ्यांना कळेल." मागे आणखी दोनचार माणसांचे चढे आवाज, फोनच्या घंट्या. बाई घाबरतात. मुलाला फोन लावावा तर हा माणूस फोन ठेवू देत नाही.

हा प्रसंग कुणा एकीचा नाही. अशा फोनच्या हकिकती जवळपास याच साच्यातल्या असतात. रक्कम, गाव आणि नातं तेवढं बदलतं. ऐकणाऱ्याला पडणारं कोडंही एकच असतं. मी तर कर्ज घेतलेलं नाही. मग माझं नाव, माझा नंबर आणि माझ्या मुलाची माहिती या माणसाला लागली कुठून? आणि एवढी माहिती आहे म्हणजे तो खरंच बँकेचा असेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: माहिती असणं हा अधिकाराचा पुरावा नाही. ते का, हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

बातमी फुटते कुठून

सगळ्यात मोठी वाट आपल्याच मोबाइलमधून जाते. फोनवर कर्ज देणारं एखादं अ‍ॅप घेतलं की ते परवानग्या मागतं. संपर्क यादी पाहू का, फोटो पाहू का, लोकेशन पाहू का? पैशांची निकड असलेला माणूस वाचत बसत नाही. तो 'अलाउ' दाबत जातो. काही सेकंदांत फोनमधली सगळी यादी अ‍ॅपवाल्याच्या संगणकावर पोचते. आता आपण नंबर कसे साठवतो ते आठवा. 'आई', 'बाबा', 'दादा नवीन', 'मामा लांजा', 'साहेब ऑफिस'. अ‍ॅपला नुसता नंबर मिळत नाही, नातं मिळतं, कधी गावही मिळतं. कर्जदाराला कुणाची लाज वाटेल आणि कुणाचा फोन आला तर तो हादरेल, हे त्या यादीतच लिहिलेलं असतं.

म्हणून ज्याने आयुष्यात पतपेढीच्या पुस्तकापलीकडे कर्जाचा कागद पाहिलेला नाही त्यालाही फोन येतो. त्याचा नंबर कुणाच्या तरी फोनमध्ये साठवलेला असतो, एवढंच त्याला कारण. कर्ज मुलाचंच असेल असंही नाही. मुलाच्या मित्राचंही असू शकतं.

दुसरी वाट झेरॉक्सची. आधार, पॅन, पगाराची पावती या गोष्टींच्या प्रती आपण सिमकार्डापासून हप्त्यावरच्या टीव्हीपर्यंत कुठेकुठे देत असतो. त्यातल्या काही नको त्या हातात जातात. अशा कागदांवर दुसऱ्याच कुणी कर्ज उचलल्याचे प्रकार घडलेले आहेत आणि मग वसुलीचा फोन भलत्याच माणसाला येतो. इथे कर्ज खरं असतं, ते आपलं नसतं.

तिसरी वाट अशी की फोन करणाऱ्याजवळ माहितीच नसते. मिऱ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना कुठला मासा येणार हे कुणाला माहीत असतं? जाळं मोठं टाकायचं, काही ना काही लागतंच. हे फोनही तसेच. घरोघरी कुठला ना कुठला हप्ता चालू असतो: दुचाकीचा, मोबाइलचा, सोनेतारणाचा, बचत गटाचा. "तुमचा हप्ता बाकी आहे" असं हजार जणांना सांगितलं तर त्यातल्या काहींचा तो खरोखर बाकी असतोच. उरलेलं काम ऐकणारा करतो. "कुठला हप्ता? गाडीचा का?" असं आपण विचारतो. "हो, गाडीचाच," असं उत्तर येतं. "पण तो तर खेडच्या शाखेत..." "हो, खेडचीच शाखा." पाच मिनिटांनी आपल्याला वाटतं, याला सगळं ठाऊक आहे. ठाऊक होतं ते आपल्याला. आपणच ते त्याला पुरवलं.

सात दिवसांचं कर्ज

अ‍ॅपचा धंदा कसा चालतो हे थोडं खोलात पाहायला हवं, कारण धमकीचे फोन त्या धंद्याचा मुख्य भाग आहेत. त्यांच्यावाचून तो चालणारच नाही.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. अ‍ॅप म्हणतं, पाच हजारांचं कर्ज मंजूर. खात्यात येतात तीन हजार. दोन हजार 'प्रक्रिया शुल्क' म्हणून आधीच कापलेले. सातव्या दिवशी परत मागतात पाच हजार. म्हणजे तीन हजारांवर आठवड्याला दोन हजार, सुमारे ६७ टक्के. कोर्टात जाऊन हे पैसे मागायची त्या अ‍ॅपवाल्याची प्राज्ञा नाही. त्याच्याकडे परवाना नसतो, करार धड नसतो, पत्ता खोटा असतो. मग वसुलीचं एकच साधन उरतं: लाज. पाचव्या-सहाव्या दिवसापासून फोन सुरू होतात. मग संपर्क यादीतल्या माणसांना संदेश जातात, 'हा माणूस चोर आहे' असे. पुढची पायरी म्हणजे फोटोत छेडछाड करून अश्लील चित्रं पाठवणं. हप्ता भरायला दुसरं अ‍ॅप, त्याचं फेडायला तिसरं, असं करत तीन हजारांचं कर्ज लाखावर जातं. देशात या छळापायी माणसांनी जीव दिले आहेत.

कोविडच्या पहिल्या वर्षात हे इतकं वाढलं की २३ डिसेंबर २०२० रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला. जानेवारी २०२१ मध्ये तिने एक कार्यगट नेमला. त्याचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. अँड्रॉइड फोनवर भारतीयांना कर्ज देऊ करणारी सुमारे ११०० अ‍ॅप गटाला सापडली होती आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर जानेवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात अशा अ‍ॅपबद्दल २५६२ तक्रारी आल्या. सर्वाधिक तक्रारी महाराष्ट्रातून होत्या. तेव्हा हे दिल्ली-हैदराबादकडचं काहीतरी आहे, असं समजून आपण निवांत राहण्यात अर्थ नाही.

त्यानंतर नियम कडक झाले. २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जांची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ८ मे २०२५ ला ती एकत्र करून नवे निर्देश निघाले. त्यातल्या दोन गोष्टी सामान्य माणसाने पाठ कराव्यात अशा आहेत. पहिली: कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधली संपर्क यादी, फोटो-फाइली, कॉलची नोंद यांना हात लावता येत नाही. दुसरी: कर्जाचे पैसे देणाऱ्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत आणि परतफेडही थेट त्या संस्थेच्या खात्यात गेली पाहिजे. मधे तिसरं खातं नको. बँका आणि वित्तसंस्था वापरत असलेल्या अ‍ॅपची यादीही जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या अ‍ॅपना संपर्क आणि फोटो पाहायला बंदी केली.

मग फोन थांबले का? नाही. बेकायदा अ‍ॅप आता स्टोअरवर येण्याच्या भानगडीतच पडत नाही. ते व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकमधून, एपीके फाइलमधून येतं. पण नियमांमुळे आपल्या हातात एक पक्की खूण आली आहे. जो वसुलीवाला कर्जदाराच्या आईला, मामाला, ऑफिसातल्या साहेबाला फोन करून धमकावतो, त्याने त्या फोननेच नियम मोडलेला असतो. तो खऱ्या बँकेचा असला तरीही.

खरी वसुली कशी दिसते

खोटं नाणं ओळखायचं तर खरं हाताळलेलं असावं लागतं. आपल्याकडे बहुतेकांनी बँकेची वसुली जवळून पाहिलेली नसते, म्हणून पाच वाजेपर्यंतची मुदत खरी वाटते.

हप्ता चुकला की बँकेचा एसएमएस येतो, शाखेतून फोन येतो, पत्र येतं. ९० दिवस थकलं की ते खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरतं. घर तारण असेल तर ताबा घेण्याआधी सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कर्ज पतसंस्थेचं असेल तर रस्ता सहकार कायद्याचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकाकडे अर्ज करते, कर्जदाराला आणि जामीनदाराला म्हणणं मांडायची संधी मिळते, मग वसुलीचा दाखला निघतो, आणि त्यानंतर कलम १५६ खालचा वसुली अधिकारी जप्तीकडे वळतो. पतसंस्थेच्या सभासदांमध्ये 'एकशे एकचा दाखला' हा शब्द सर्रास चालतो तो इथून आला. यातल्या प्रत्येक पायरीला कागद आहे, जावक क्रमांक आहे, सही-शिक्का आहे आणि आठवडे-महिने आहेत. दुपारी दोनला कळवून संध्याकाळी पाचला पोलीस धाडणारी पायरी यात कुठेच नाही.

बँक किंवा वित्तसंस्था वसुलीचं काम बाहेरच्या एजंटाकडे देऊ शकते. पण १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान करायचा नाही. नातेवाईक, मित्र, ओळखीसाठी नावं दिलेली माणसं यांच्या खासगीपणात घुसायचं नाही. डिजिटल कर्जात तर एजंटाची माहिती कर्जदाराला आधी एसएमएसने किंवा ईमेलने कळवावी लागते, त्यानंतरच एजंटाने संपर्क साधायचा. त्याने चूक केली तर जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेची असते. 'एजन्सीवाले आमचं ऐकत नाहीत' असं शाखेतून कुणी म्हणालं तर ते चालत नाही.

आता पोलिसांचं. कर्ज फेडता न येणं हा दिवाणी मामला आहे, फौजदारी गुन्हा नाही. मात्र अर्धवट धीर देऊन चालणार नाही. दिलेला चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खालीही होऊ शकतो. पण तिथेही आधी लेखी नोटीस येते, ती मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात आणि मग प्रकरण कोर्टात जातं. पोलीस चौकशीला बोलावतात ती नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाचा प्रकार भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे घालून बसलेल्या माणसाला तुम्हाला अटक करता येत नाही.

लोकअदालतीच्या नावानेही घाबरवतात. लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे. दोन्ही बाजू राजी असतील तरच तिथे काही ठरतं. आपल्याला आलेली नोटीस खरी आहे का, हे रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारता येतं.

नात्याचा प्रश्न कोकणात विशेष महत्त्वाचा. मुलाने काढलेलं कर्ज आईबापांना फेडावं लागत नाही, जर ते सहकर्जदार किंवा जामीनदार नसतील तर. कर्जदार वारला तर वारसांवर येणारा बोजा त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरताच. जामीनदार मात्र पुरता अडकतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतपेढीत भिडेखातर केलेली सही आठवून पाहा. 'नुसती सही आहे, तुम्हाला कोण विचारतंय?' हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना आलेला फोन खरा असू शकतो.

गुंता तिथेच होतो

अशा फोनच्या वेळी तीन वेगळे प्रश्न एकात मिसळतात आणि फसवणाऱ्याचा सगळा खेळ या मिसळण्यावर चालतो. कर्ज खरं आहे का? फोन करणारा माणूस खरा आहे का? त्याचं वागणं कायद्यात बसतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं की आपण दुसऱ्या दोघांचंही 'हो' धरून चालतो. 'आपण पैसे देणं लागतो ना, मग त्याने शिव्या दिल्या तर काय बोलणार?' असं म्हणणारे अनेक जण असतात.

कर्ज खरं असून माणूस खोटा असू शकतो. गाडीच्या हप्त्याची माहिती फुटली आहे आणि कुणी तिसराच 'सवलतीत मिटवून देतो' म्हणत आपल्या यूपीआयवर पैसे मागतो, हा प्रकार तसाच. माणूस खरा असून वागणं बेकायदा असू शकतं. आणि माणूस खरा, वागणं सभ्य, पण कर्ज भलत्याचं, असंही घडतं. प्रत्येकाला उत्तर वेगळं आहे. पण एक काम तिन्हींना लागू पडतं: फोन ठेवायचा आणि आपण उलटा फोन करायचा, आपल्याजवळच्या नंबरवर.

ही एक कृती इतकी महत्त्वाची का? आलेल्या फोनवर समोरचा कोण आहे हे तपासायचं साधन आपल्याकडे नसतं. पडद्यावर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. ट्रूकॉलरवर 'बँक रिकव्हरी' असं नाव दिसलं तरी ते लोकांनी साठवलेल्या नावांवरून आलेलं असतं. बँकांनी व्यवहाराच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. ही सोय चांगली आहे, पण बाहेरचे वसुली एजंट साध्या दहा आकडी नंबरवरूनही फोन करतात, म्हणून फक्त तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. आपण स्वतः फोन लावतो तेव्हा मात्र तो कुठे जाणार हे आपण ठरवलेलं असतं. नंबर पासबुकावरचा, कर्जाच्या मंजुरीपत्रावरचा किंवा बँकेच्या अधिकृत अ‍ॅपमधला घ्यावा. गूगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला नको, कारण तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. शक्य असेल तर शाखेतच जावं. शाखेत कर्ज खात्याचा उतारा मागितला की थकबाकी किती, कधीपासून आणि एजंट नेमलाय का, हे एका खेपेत कळतं.

नावं बदलल्यामुळेही गोंधळ होतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. अशा वेळी 'बँक बदलली, आता या नव्या खात्यात भरा' असा फोन आला तर तो पटण्यासारखा वाटतो. विलीनीकरणाने कर्ज नव्या बँकेकडे जातं हे खरं, पण त्याची खबर शाखेत मिळते. फोनवरून कुणाच्या तरी यूपीआयवर हप्ता भरायला त्यासाठी कुणी सांगत नाही.

[चौकट]
फोन चालू असताना

विचारा: तुमचं नाव, संस्थेचं नाव, एजन्सीचं नाव, कर्ज खात्याचे शेवटचे चार आकडे, आणि हे लेखी कधी पाठवाल?
देऊ नका: जन्मतारीख, आधार, पॅन, ओटीपी, खाते क्रमांक, घरातल्या इतरांचे नंबर. 'एक रुपया भरून बघा' हेही नको.
करू नका: आपला फोन दुसऱ्याच्या ताब्यात देणारं एनीडेस्कसारखं अ‍ॅप घेऊ नका, 'सेटलमेंट लेटर' म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका.
म्हणा: "मी शाखेत विचारून घेतो." आणि ठेवा. फोन ठेवायला परवानगी लागत नाही.
[चौकट संपली]

खरा एजंट यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं देतो, फार तर वैतागतो. खोटा चिडतो, आवाज चढवतो किंवा विषय पोलिसांवर नेतो. मागे ऐकू येणारा गोंगाट मुद्दाम ठेवलेला असतो हेही ध्यानात असू द्या. 'लाइन कट करू नका' हे वाक्य ऐकलं की तिथेच फोन कट करावा. तुम्ही मुलाला, शेजाऱ्याला, शाखेला विचारू नये, एवढ्याचसाठी ते वाक्य असतं.

नंतर दोन कामं करायची. फोनचा नंबर, वेळ, संदेशांचे स्क्रीनशॉट जपून ठेवायचे. रागाने पुसून टाकायचे नाहीत. आणि आपल्या नावावर खरोखर कुठली कर्जं आहेत ते पाहायचं. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण पत अहवाल फुकट देतात. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी हरकत घ्यायची. ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम २०२४ पासून लागू आहे. फसव्या फोनची खबर सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरच्या 'चक्षू' सोयीतही देता येते; त्या नंबरवर कारवाई होते ती तिथून.

पैसे गेले असतील तर

घाबरून भरले, असं झालं तर लाजेने गप्प बसू नये आणि उद्यावर ढकलू नये. १९३० हा नंबर फिरवावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. केंद्रीय गृह मंत्रालयाची ही यंत्रणा २०२१ पासून चालू आहे. तक्रार नोंदवली की ती बँकांना दिसते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवता येतात. घाई याचसाठी, कारण फसवणारे पैसे एका जागी ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या पाच-सात खात्यांतून ते काही मिनिटांत फिरतात आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात. रोख निघाली की गोठवायला काही उरत नाही. फोन करताना व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपल्या बँकेचं नाव हाताशी असावं. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावं.

धमकी, बदनामी किंवा फोटोत छेडछाड झाली असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. मंडणगडपासून राजापूरपर्यंत कुठलंही ठाणं चालेल. सायबर प्रकरण आहे म्हणून रत्नागिरीलाच जायला हवं असं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम ३०८ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. तोतयेगिरी आणि अश्लील चित्रं यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ डी आणि ६७ ही कलमं लागतात. तसले फोटो गावातल्या ग्रुपवर गेले तर आपणच आधी सांगून टाकावं की हे बनावट आहेत आणि तक्रार दिली आहे. त्याने लाज पुरती जात नाही, पण धमकीची धार जाते.

आणि कर्ज खरंच थकलं असेल तर

तर फोन टाळू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. आंब्याला मोहोर कमी धरला, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून हातात पैसा नाही, ही कारणं शाखेला नवीन नसतात. शाखेत जाऊन मुदतवाढ किंवा हप्त्यांची फेररचना लेखी मागावी. तडजोड ठरली तर रकमेचं पत्र आधी, पैसे नंतर, आणि पैसे संस्थेच्याच खात्यात. शेवटी 'कर्ज नाही'चा दाखला घ्यावा. तडजोडीने मिटवलेलं कर्ज पत अहवालात 'सेटल्ड' दिसतं, पूर्ण फेडलेलं 'क्लोज्ड' दिसतं. पुढच्या कर्जाच्या वेळी हा फरक जाणवतो.

खऱ्या बँकेचा एजंट छळत असेल तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट. माहितीचा नंबर १४४४८. पतसंस्थांवर मात्र रिझर्व्ह बँकेचा अंमल नाही. त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे, आणि स्त्रियांना ही मोफत मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मुलामुलींना एक विनंती. गणपतीला घरी याल तेव्हा आपल्या नावावर कुठलं कर्ज आहे आणि कुठलं नाही हे आईवडिलांना सरळ सांगून टाका. त्यांच्या फोनमध्ये शाखेचा नंबर आणि १९३० साठवून द्या. आणि आपल्या फोनमधल्या कुठल्या अ‍ॅपना संपर्क यादीची परवानगी दिली आहे ते सेटिंगमध्ये जाऊन तपासा; ज्याला ती लागत नाही त्याची काढून घ्या.